यार्डातलं शेवटचं डिझेल

बाबा, काल तुमचं इंजिन बंद केलं. तुमचं म्हणजे त्या जातीचं. नेमकं ते तुम्ही कधी चालवलं असेल-नसेल, कोण जाणे. पण तेच लांबडं नाक, तीच धडधड, आणि केबिनमध्ये तोच डिझेलचा वास, जो तुमच्या शर्टातून आईला कधी धुऊन काढता आला नाही. उमेदीत या इंजिनांनी मेल ओढल्या, मग पॅसेंजर, मग कोलाडहून ट्रक लादलेल्या मालगाड्या. डोक्यावर विजेच्या तारा आल्या आणि ती रोह्याच्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलत बसली. त्यातलं हे एकच उरलं होतं. आता तेही ओढून नेतील, भंगारात.

उभ्या गाडीचंही इंजिन बंद करायचं नाही, हे तुम्ही नोकरीभर पाळलंत. बॅटऱ्या म्हाताऱ्या, एकदा निजलं की उठेल याचा भरवसा नाही. मी असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. पहिल्या सुट्टीत घरी आले तर तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर बोंबील साफ करताय, आणि मी तोऱ्यात सांगतेय की डिझेल वाचवायचा हुकूम आलाय, आम्ही नागोठण्याला इंजिन बंद केलं. तुमचा हात थांबला.

"बंद केलंस? आणि चालू न्हाय झालं असतं मंग?"

"झालं की, बाबा."

"आज झालं. अगो, मागं अख्खी लाइन तुंबली असती, तवा हुकूमवाला आला असता काय धक्का मारायला? उंटावरनं शेळ्या हाकतात नुसते!"

आई हसली, तुम्ही नाही. जेवताना मात्र सगळ्यात मोठा बोंबील माझ्या ताटात वाढलात.

पुढे घरात तुम्हाला शांतता सोसेना. कडाक्याच्या थंडीतही डोक्याशी पंखा लागायचा. शेवटच्या आजारपणात एका दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आणि इतके दिवस डोळे मिटून पडलेले तुम्ही ताडकन उठून बसलात. "कोनी बंद केलं?" मी म्हटलं, लाइट गेलीय, बाबा. तुम्हाला पटलं नाही. मीच बटण दाबल्यासारखं माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा आडवे झालात. त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकला नाही. तो ऐकायला मी अजून तळमळते, बाबा.

आता मी विजेचं इंजिन चालवते. क्वार्टरमध्ये एकटी असते. आई गेल्यापासून दार उघडलं की गाडी का लेट झाली हे विचारणारंही कोणी नाही. काल त्या डिझेलच्या केबिनमधून असिस्टंटला खाली उतरवलं आणि बटण दाबलं. इंजिन दोन-तीनदा हादरलं आणि गप्प झालं. कुंडलिका नदीवरून येणारा वारा पत्र्याला लागत होता, तेवढाच काय तो आवाज. खालून असिस्टंट ओरडला, "मॅडम, चला, चहा निवला!" मी सीटवरून हलले नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील इथेच, उशाखाली. एवढंच सांगते की इंजिन बंद करायचं काम साहेबांनी कोणालाही दिलं असतं. ते मी मागून घेतलं. वाटलं होतं, आता तरी तुम्ही माझ्यावर ओरडाल.