दुसरं वर्ष जळगावला

१३ जून २०२५, पुणे

मागितला दाखला. अखेर मागितला!

ऑफिसमधल्या बाई चष्म्यावरून बघतच राहिल्या. "मार्क तर चांगले आहेत गं तुझे. मग?" घरी अडचण आहे, म्हटलं. "सगळे इकडं यायला धडपडतात. आणि तू पुणं सोडून धुळ्याला चाललीस?"

मी फॉर्म पुढं सरकवला. बोलायला गेले असते तर तिथंच रडू आलं असतं. ग्रंथालय, होस्टेल, जिमखाना — सगळीकडून सह्या आणायच्या. जिमखान्यात मी वर्षभरात पाऊल ठेवलेलं नाही. तरी सही हवी.

१५ जून

का चाललेय ते इथं तरी नीट लिहिते. लोकांना सांगून सांगून मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. बारावी धुळ्याला केली आणि संख्याशास्त्र करायला इथं आले. घरी वडील, म्हणजे नाना, एकटे. दुकान — मोटार वाइंडिंगचं, पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं — आणि घर, बस. फेब्रुवारीत त्यांना कावीळ झाली. मला कळवलंच नाही! भागाआत्याकडून कळलं, तेही बरे होत आल्यावर. आत्या म्हणजे नानांची मोठी बहीण, साक्रीकडं असते. फोनवर तिच्या अहिराणीत एकदम ओरडली, "तुना बाप खाटवर पडेल शे, अन् तू पुनाले काय करी राह्यनी?" मग दर आठवड्याला तेच. बाप एकला शे. बाप एकला शे.

नानांना विचारलं, येऊ का परत? म्हणाले, "तुझं तू बघ." 'ये' नाही की 'नको येऊ' नाही. मी त्याचा अर्थ 'ये' असाच घेतला. तोंडानं काही मागायचा त्यांचा स्वभावच नाही.

२० जून

खोली रिकामी केली. भिंतीवर चिकटपट्टीचे डाग तेवढे उरले.

२३ जून, धुळे

नाना स्टँडवर आले होते. कावीळ होऊन एवढे महिने झाले तरी शर्ट ढगळच होतोय. सामान बघून म्हणाले, "एवढं? सुट्टीला एवढं आणलंस?"

"नाना, दाखला काढून आणलाय. आता इकडंच."

हातातली बॅग त्यांनी खाली ठेवली. परत उचलली. "इतकी घाई केलीस..." एवढंच.

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. झालाही असेल. दिसला नाही.

४ जुलै

धुळ्याच्या कॉलेजात माझ्या विषयाला दुसऱ्या वर्षाची जागा नाही! जळगावला एका कॉलेजात आहे. म्हणजे ज्या घरासाठी आले ते घर इकडं आणि कॉलेज तिकडं. आत्या म्हणते, "एसटी शे ना." आत्याला काय, तिला थोडंच बसायचंय.

९ जुलै, जळगाव

खिडकी. दुसरी खिडकी. साहेब जेवायला गेलेत. विद्यापीठ बदललंय तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणा. ते पुण्याहून यायचंय. मग प्रवेश तात्पुरता. आणि पहिल्या वर्षाचे दोन विषय इकडच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत, ते पुन्हा द्यायचे. "तुम्ही हे शिकलातच नाही, असं धरायचं," असं खिडकीतले गृहस्थ अगदी प्रेमानं म्हणाले.

त्यातल्या एका विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. जाऊ दे.

३० जुलै

रोज पहाटे उठते. नानांचा डबा, माझा डबा, मग बस. पारोळ्यापर्यंत झोप, एरंडोलपर्यंत डोकं खिडकीवर आपटतं, पुढं जागी. संध्याकाळी हेच उलटं. घरी आल्यावर भाकरी टाकायची. नाना म्हणतात, "मी करतो ना." मी करू देत नाही. मग मी आले कशाला!

पुस्तक उघडते. ओळी दिसतात. आत काही जात नाही.

१७ ऑगस्ट

रविवार. दिवसभर झोपले. उठले तर नाना ओट्यावर बसून फोनकडं बघत होते. मला बघितल्यावर फोन खिशात. कुणाचा होता? "गिऱ्हाइकाचा."

हल्ली जेवत नाहीत नीट. अर्धी भाकरी. म्हणतात पोट भरलं. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर चिडले — नाना, आणि चिडले!

९ सप्टेंबर

आज कहर झाला. जळगावहून घाईत चढले ती बस धुळ्याच्या पुढं जाणारी होती. गाढ झोपले. कंडक्टरनं हलवलं तेव्हा कुसुंबा आलेलं! कुठं उतरलेय तेच कळेना. नानांना फोन केला. स्कूटर घेऊन आले. मला वाटलं रागावतील. चहा पाजला.

परत येताना पुढं बघतच म्हणाले, "जळगावला होस्टेलला राहा ना दिपा. मी बघतो माझं."

मी मागून ओरडलेच. "मग मी सगळं सोडून आले कशाला?"



२७ सप्टेंबर

आज जे कळलं ते लिहून ठेवते.

शनिवार होता, लवकर सुटलं. नानांच्या दुकानावर गेले तर नाना मोटार बसवायला बाहेर गेलेले. शेजारच्या चहावाल्या शालिग्रामकाकांनी बसवून घेतलं. नानांचे जुने दोस्त. मी म्हटलं, काका, नानांना काय झालंय? खात नाहीत, बोलत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का?

काका बराच वेळ कप धूत राहिले. मग म्हणाले, "तुना बाप सांगाव नही. मी सांगस."

नाना लग्न करणार होते. जुलैमध्ये. दोंडाईचाच्या कुंदाबाई म्हणून आहेत, त्यांच्याशी. त्यांची पिठाची अन् मिरची कांडायची गिरणी आहे, नवरा वारून खूप वर्षं झाली. मोटार जळाली म्हणून नाना तिकडं गेले, तिथली ओळख. काविळीत रोज बसनं येऊन नानांना पथ्याचं करून घालणारी हीच बाई. आणि आत्याला हे सगळं माहीत होतं! मार्चपासून!

म्हणजे आत्यानं मला बोलावलं ते हे लग्न होऊ नये म्हणून?

"तू सुट्टीला येशील तेव्हा तुला सांगणार होता," काका म्हणाले. "तू दाखलाच घेऊन आली. मग त्यानं त्या बाईला नाही म्हणून सांगून टाकलं."

२८ सप्टेंबर

नानांशी बोलले नाही.

१ ऑक्टोबर

अजून नाही. कुणाचा राग येतोय तेच कळत नाही. आत्याचा, नानांचा, त्या न पाहिलेल्या बाईचा. पुण्यात माझ्या खाटेवर आता दुसरी मुलगी झोपत असेल. आईचा फोटो पुसला. पुसताना वाटलं, आईला सांगावं का? मग वाटलं, नानांनी कधीच सांगितलं असेल.

५ ऑक्टोबर

जेवताना विचारलं. सरळ. "कुंदाबाई कोण?"

नानांचा घास हातातच राहिला. मान खाली. माझे नाना, ज्यांना गावभरचे पंपवाले मानतात, ते शाळेतल्या मुलासारखे बसले होते.

"तुला कोण..." मग म्हणाले, "असू दे. संपलं ते."

"का संपलं? माझ्यामुळं?"

"तू एवढं सगळं मागं टाकून आलीस. माझ्यासाठी. तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"मी विचारलं होतं ना, येऊ का म्हणून! तेव्हा नको म्हणायचं!"

"नको म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, आई गेली आणि बापालाही मी नको झाले. मला नाही जमलं गं."

रडले मी. तेही. वरण तसंच गार झालं. खूप वेळानं म्हणाले, "परत जा पुण्याला. मी करतो काहीतरी." तिथं आता जागा कुठली? आणि पुन्हा दाखला, पुन्हा मायग्रेशन, पुन्हा त्या खिडक्या! नाही नाना. एवढं त्राण नाही उरलं माझ्यात.

९ ऑक्टोबर

कॉलेजला गेलेच नाही. जळगाव स्टेशनवरून गाडीत बसले आणि दोंडाईचाला उतरले. नानांना सांगितलं नव्हतं.

गिरणी विचारत विचारत सापडली. बाहेर दिवाळीच्या भाजणीचे डबे रांगेनं. आत पाऊल टाकलं आणि शिंका सुरू झाल्या, मिरचीचा खकाणा! चक्कीशी एक उंच बाई, डोक्याला फडकं, भुवया पिठानं पांढऱ्या. "दळण ठेव, संध्याकाळी ने," म्हणाल्या. मी म्हटलं, मी जीवराम नानांची दिपमाला.

चक्की बंद केली. आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्यांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"मग कशाला आलीस?"

गाडीत सगळं ठरवून ठेवलं होतं. एक वाक्य आठवेना. म्हटलं, "मला कुणी सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर आलेच नसते पुण्याहून."

त्या हसल्या नाहीत. जवळही घेतलं नाही. मला वाटलं होतं घेतील. म्हणाल्या, "बघ पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. त्यांच्यावर आहे. फोनवर दोन वाक्यांत संपवलं. मी काय बिघडलेली मोटार आहे, ठेवली बाजूला? तुला दया आली म्हणून कुणी लग्न करायला नको माझ्याशी. बोलायचं असेल तर त्यांनी यावं. इथं. चक्कीसमोर उभं राहून बोलावं."

बाहेरून कुणीतरी दळणासाठी हाक मारली. निघाले तर मागून म्हणाल्या, "खाल्लंस का काही?" नाही म्हटलं. भाकरी आणि ठेचा दिला. उभ्यानंच खाल्ला. डोळ्यांतून पाणी, ते ठेच्याचं की कशाचं, कोण जाणे.

१० ऑक्टोबर

नानांना सगळं सांगितलं. शब्द न् शब्द. 'बिघडलेली मोटार'सुद्धा. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

१२ ऑक्टोबर

सकाळीच दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. स्टँडकडं निघाले. अंधार पडल्यावर आले. भुवया पांढऱ्या!

दोन भाकरी खाल्ल्या.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. आत्या आली. ओवाळलं, आणि मग सुरू झाली. नानांचं लग्न पुन्हा ठरल्याचं कुणी सांगितलं होतं तिला, माहीत नाही. "या वयमा लगीन? बठ्ठा गाव हासी!"

"हासू दे सगळ्या गावाला," नाना म्हणाले.

आत्या माझ्याकडं वळली. तुझ्या आईच्या जागी दुसरी आणतोय, तुला चालतं का, असं म्हणाली. मी विचारलं, "आत्या, मार्चपासून माहीत होतं ना तुला? मग मला खोटं सांगून का आणलंस?"

"खोटं काय? एकला नव्हता का तो?"

आणि अचानक रडायलाच लागली. तिचंही खरंच असेल. घाबरली असेल, भाऊ परका होईल म्हणून. पण माझं पुणं त्यात गेलं, ते तिच्या ध्यानातही नाही. मी पाणी दिलं. जवळ बसले नाही.

२० नोव्हेंबर

दोन विषयांचे पेपर दिले, पहिल्या वर्षाचे. शेजारच्या बाकावरची मुलगी विचारते, "नापास झाली होतीस का गं?" हो म्हटलं. समजावून सांगायचा कंटाळा आला.

१२ डिसेंबर

नोंदणी कार्यालय. तीन साक्षीदार लागतात. शालिग्रामकाका, कुंदाबाईंचा भाचा, आणि मी. आत्या आली नाही.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही वराच्या कोण?" मी म्हटलं, मुलगी. त्यांनी एकदा वर बघितलं आणि बोट ठेवलं, इथं सही करा. केली. नीट आली सही. नानांची वाकडी आली.

कुंदाबाईंनी आज पहिल्यांदा माझ्या गालावरून हात फिरवला. हात खरखरीत आहे. त्यांना काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, "काही नको म्हणूस. सुचेल तेव्हा म्हण."

१८ जानेवारी २०२६

नाना दोंडाईचाला राहायला गेले. कुंदाबाई गिरणी सोडणार नव्हत्या, आणि दुकान काय, कुठंही मांडता येतं, असं नानांनीच ठरवलं. मला म्हणाले, तूही चल. मी नको म्हटलं. तिकडून कॉलेज जमणार नाही. उद्यापासून जळगावच्या होस्टेलला. आज या घरात मी एकटीच.

नानांची बस सुटायच्या आधी खिडकीशी उभी राहून त्यांना म्हटलं, "पोचल्यावर फोन करा."

केला त्यांनी. मी तोवर झोपून गेले होते. आत्ता जाग आली तेव्हा दिसला.