पाहुण्याची सुई कोणी द्यायची

मी, श्रीमती विनीता श्रीपाद देवणीकर, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गोंधळलेली आहे, पण शाबूत आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकते, हे वकीलसाहेबांनी मान्य केले आहे. येत्या मंगळवारी हैदराबादला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. तिथले डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणतात आणि त्याच दमात चार कागदांवर सह्या घेतात. म्हणून हे लिहून ठेवते.

कलम १. माझ्या नावावरचे दुमजली घर मुलगा मिहिर (नांदेड) आणि मुलगी इरा (पुणे) यांना समसमान मिळावे. खाली शाळेत कारकुनी करणारी बबिता भाड्याने राहते. तिला घाईने उठवू नये.

कलम २. माझ्या नणंदबाई उमाबाई लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतल्या आणि तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. त्यांना पाणी तापवायचा तांब्याचा बंब द्यावा. तो त्यांच्या आईचा होता आणि मी तो बळकावला, असे त्यांचे म्हणणे आहे. मी बळकावला नाही, सासूबाईंनी आपण होऊन दिला. पण आता वाद नको. उमाबाईंच्या राहण्याचे काय ते मुलांनी बघावे. (हे वाक्य मला पुरते पटलेले नाही. तूर्त असू द्या.)

कलम ३. पाटल्या इराला. पृथ्वीचा गोल आणि भिंतीवरचे नकाशे मिहिरला. त्याला ते नकोच असणार, तरी त्यालाच.

कलम ४. पाहुणा. हा आमचा बोका. आमचे हे गेल्यावर पंधरा दिवसांत गच्चीवरून आला आणि राहिला, म्हणून हे नाव. आम्ही दोघींनी त्याला दूध-पोळी, दहीभात आणि प्रसादाचे पेढे घालून वाढवले. गणपतीच्या सुमारास तो सारखा पाणी पिऊ लागला, खाऊनही वाळत गेला, आणि कपाटावर उडी मारताना मागचे पाय घसरू लागले. जनावरांचे डॉक्टर भुजंग यांनी रक्त तपासून मधुमेह सांगितला आणि दर बारा तासांनी इन्सुलिनची सुई लिहून दिली. मग आम्ही काय खाऊ घालतो ते विचारले.

"बाई, हे बोकं हाय, म्हैस न्हाई," ते म्हणाले. "ह्याला पोळी-भात चालत न्हाई. मांस लागतंय. आन् एक ध्यानात ठिवा, आधी पोटात अन्न, मग सुई. खाल्लं न्हाई तर सुई न्हाई, मला फोन."

इतके सोपे सांगितले, तरी माझ्या डोक्यात त्याचा काला झाला. मिहिर फोनवर म्हणाला, कोरडा खाऊ आण. डॉक्टर म्हणाले, कोरड्यात पीठच जास्त, डब्यातला ओला आणा. इराने कुठले तरी व्हिडिओ पाठवले, त्यांत तीन माणसे तीन गोष्टी सांगत होती. साखर वाढली म्हणून सुई, आणि सुईने फार उतरली तर मध. मग ती वाढू द्यायची की उतरवायची? मी आयुष्यभर मुलांना वारे का वाहतात ते शिकवले, पण हे मला अजून नीट कळलेले नाही.

कलम ५. माझ्या पश्चात पाहुणा मिहिरकडे जावा. खोडले, वि. दे. मनस्विनीला, म्हणजे सूनबाईंना, मांजराच्या केसांनी शिंका येतात. इराकडे जावा. खोडले, वि. दे. ती सकाळी जाते ती रात्री येते. बारा तासांच्या अंतराने सुई कोण देणार? उमाबाईंकडे मात्र कदापि देऊ नये.

याचे कारण लिहिणे भाग आहे. आमच्या घरात एकादशीला धान्य शिजत नाही, आणि पाहुणाही लहानपणापासून आमच्याबरोबर एकादशी धरत आला आहे. शेजारच्या बायका कौतुकाने बघायला यायच्या. गेल्या महिन्यातल्या एकादशीला उमाबाईंनी नेहमीप्रमाणे सकाळीच त्याची वाटी घासून पालथी घातली. मला वाटले, वाटी घासून ठेवली आहे म्हणजे याने खाल्ले. मी सुई दिली. थोड्या वेळाने तो देवघरापाशी झिंगल्यासारखा चालू लागला, मग आडवाच झाला आणि हाक मारली तरी डोळे हलेनात. मी नुसती उभी. उमाबाईंनी पंचामृताचा मध बोटावर घेतला आणि त्याच्या हिरड्यांना चोळला, परत चोळला, आणि मला म्हणाल्या, भुजंगला फोन लाव. तो वाचला. त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या सोवळ्यानं त्याचा जीव घेतला असता, असेही बोलले. 

दुसऱ्या दिवशी जिन्यात पावले वाजली. उमाबाई खालून वर येत होत्या, आणि हातात, अंगापासून चांगली लांब धरलेली, स्टीलची वाटी. बबिताकडून कोंबडी उकडून आणली होती, बिनमिठाची, बिनमसाल्याची. ज्या बाईच्या स्वयंपाकात कधी लसूण शिरला नाही, तिने गच्चीवर बसून ते तुकडे हाताने मोडून त्याला भरवले, आणि मग डोक्यावरून आंघोळ केली. हे त्या अजून रोज दोनदा करतात. मी विचारले, वन्सं, तुमच्या सोवळ्याचं काय?

"सोवळं माझं आहे गं. त्याच्यावर कशाला लादू?" त्या म्हणाल्या. "आता सुई शिकव."

मी मोसंब्यात पाणी टोचून शिकवले. त्यांना माझ्यापेक्षा लवकर आले. ती टोचलेली मोसंबी त्यांनी मला नैवेद्याला ठेवू दिली नाहीत, यावरून मात्र आमचे वाजले.

तेव्हा कलम ५ मधले शेवटचे वाक्य खोडले, वि. दे. पाहुणा उमाबाईंकडेच राहावा. त्याचा कान टोचून रक्ताच्या थेंबावर आम्ही घरीच साखर मोजतो, ती हळूहळू उतरते आहे. डॉक्टर म्हणतात, एखाद्याची सुई सुटतेही. म्हणून मात्रा फक्त डॉक्टरांनीच बदलावी, व्हिडिओ बघून कोणी बदलू नये.

आणि कलम २ मधले 'मुलांनी बघावे' हेही खोडले, वि. दे. वरचा मजला उमाबाईंच्या हयातीपर्यंत उमाबाईंचा. कोणी उठ म्हणायचे नाही, मिहिरनेही नाही. बंब त्यांचाच होता. मला त्यांची भीती वाटायची आणि आता त्यांच्याशिवाय घर डोळ्यांपुढे येत नाही. हे कायद्याच्या कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही, म्हणून इथेच लिहिले.

हे सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड माझी आहे आणि मला मान्य आहे.

सही : विनीता श्रीपाद देवणीकर

साक्षीदार :

१. उमाबाई देवणीकर. खोडले, वि. दे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. उमाबाई चष्मा लावून, पेन हातात धरून बसल्या होत्या. मी कारण सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सुई मी देईन. पण कान टोचून रक्त काढताना त्याला धरायला दुसरं माणूस लागतं. तू परत ये."

१. डॉ. भुजंग (सही)

२. बबिता (सही)

ठिकाण : लातूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५