चहावरची साय

बाबा, परवा वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, ती अफवा नेमकी काय होती?" मी म्हटलं, आठवत नाही, खूप वर्षं झाली. ती माझ्या प्रबंधातल्या एका वाक्याबद्दल विचारत होती. कामाच्या जागी माणसं एकमेकांवर विश्वास कशी ठेवतात, कशावरून भांडतात, तडजोडीला कशी येतात, यावर मी आयुष्यभर लिहिलं आणि शिकवलं. त्याची सुरुवात तुमच्या कारखान्यापासून झाली हे तिला माहीत नाही. प्रबंधात कारखान्याचं नाव नाही. तुमचंही नाही. तिथे तुम्ही 'एक प्रतिनिधी' आहात.

भांडुपच्या कारखान्याला टाळं लागून तिसरा महिना चालला होता. नऊ जणांना काढलं होतं, आणि त्यांना परत घेतल्याशिवाय सही करायची नाही यावर तुम्ही अडून होतात. कामगारांच्या कमिटीत तुम्ही धरून पाच जण. बाकीचे चौघे ढिले पडायला लागले की तुमच्याकडे बघत. आठवड्यातून दोनदा बोलणी होत. घरी येऊन तुम्ही सगळं सांगायचात आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. टेबलावर चहा येतो, कपबशीतून, सोबत बिस्किटं. कमिटीतलं कोणी हात लावत नाही. समझोता होईपर्यंत मालकाचा चहा प्यायचा नाही, हा तुमच्याही आधीपासूनचा रिवाज. चहा निवतो, वर साय धरते, कॅन्टीनवाला तसेच कप परत नेतो. "त्येंची चाय पोटात गेली की जीभ जड होता," तुम्ही म्हणायचात. आई स्टोव्हपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "आणि माझी चाय पिऊन चुरूचुरू चलता ती?" मी तेही लिहून घेतलं.

माझ्या मार्गदर्शकांनी मॅनेजरची भेट ठरवून दिली. मी बिचकत होते. तुम्हीच म्हणालात, "जा. दोनी बाजू लिही." त्या दिवशी सकाळपासून मी गेटबाहेर उन्हात उभी राहून माणसांशी बोलत होते, मग आत गेले. पहिल्या मजल्यावरची केबिन, गेटाच्या बाजूला अख्खी काच. मॅनेजर सभ्य माणूस होता. माझ्या अभ्यासाबद्दल त्यानं विचारलं आणि मी सांगितलं ते लक्ष देऊन ऐकलं. तोवर कोणी असं ऐकलं नव्हतं. चहा आला. रिवाज मला माहीत होता, माझ्या अक्षरात माझ्या वहीत होता. पण मी कमिटीत नव्हते. मी कोणत्याच बाजूची नाही, मी अभ्यास करते आहे, असं मला खरोखर वाटत होतं. मी कप उचलला.

संध्याकाळी तुम्ही मोरीत हात धूत आहात. माझ्याकडे पाठ आहे.

"थंय चाय घेतलंस?"

"नाही, बाबा."

"खरा सांग."

"नाही म्हटलं ना."

तुम्ही पंच्याला हात पुसता. "बरा," म्हणता. आणि जेवायला बसता.

दुसऱ्या दिवशी गेटसभा. मी मागे वही घेऊन उभी होते. फाउंड्रीतला एक जण ओरडला, "काय रे, पोरीला आत पाठवून सेटिंग लावलीस काय? काचेतून सगळं दिसतंय, आम्ही काय आंधळे?" दुसरा म्हणाला, "स्थळ बघतोय रे तिच्यासाठी, एसीतलं!" माणसं हसली. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तुम्ही हात वर केलात. "माझ्या पोरीनं आतला चहा घेतलेला नाही. शपथेवर सांगतो. घेतला असेल तर आत्ता कमिटी सोडतो."

कॅन्टीनवाला पुढे आला. त्याला कायम करून घ्यायला तुम्हीच भांडला होतात. तो जमिनीकडे बघत होता. "कप मीच नेला, दादा. रिकामा परत आणला."

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. मी वहीकडे बघत होते.

कमिटी तुम्ही तिथेच सोडली. आठ दिवसांत बाकीच्यांनी सही केली. ते नऊ जण त्यात नव्हते. सही झाल्यावर आत सगळ्यांनी चहा घेतला, असं ऐकलं. टाळं निघालं, पण तुम्ही कामावर गेला नाहीत. त्या गेटातून आत जायला तोंड नाही, असं आईला म्हणालात, मला नाही. नंतर दिंडोशीच्या एका कॉलनीत वॉचमन म्हणून गेटवर बसलात, ते शेवटपर्यंत. मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः चहा गाळलात आणि कप माझ्यापुढे ठेवलात. मी तुमच्या बोलण्याची वाट बघत बसून राहिले. तुम्ही म्हणालात, "पी. निवतली."

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलं, 'एका प्रतिनिधीविषयी अफवा पसरली आणि कामगारांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला.' परीक्षकांनी त्या वाक्याचं कौतुक केलं. पुस्तक निघालं तेव्हा ते वाक्य बदलता आलं असतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीही आलं असतं. ती अफवा नव्हती, हे सांगू शकणारी आता मी एकटीच उरले असेन. आठवत नाही म्हटल्यावरही त्या मुलीला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मग घंटेचं निमित्त झालं.

हे कागद प्रबंधाच्या माझ्या प्रतीत, त्याच पानाशी ठेवून देते. एकच राहिलं. कॅन्टीनवाल्यानं गेटवर एक कप सांगितला. तुमच्या तोंडाकडे बघवलं नसेल, म्हणून तेवढ्यावर थांबला असेल. दोन होते. दुसरा मी स्वतःहून मागितला होता.