रिकाम्या तारखा

१ डिसेंबर, सोमवार
हिंगोलीला पोचले. स्टेशनजवळ मलिका खालांच्या घरी माडीवरची खोली मिळाली. खाला म्हणजे मावशी, सगळेच त्यांना तसं म्हणतात. एकट्याच राहतात. सामान खाली ठेवायच्या आधीच त्यांनी मला जेवायला बसवलं. उद्यापासून नोकरी. एका कंत्राटदाराने आसपासच्या गावांच्या जुन्या मृत्यूनोंदी संगणकावर चढवल्यात. कुठलाही शब्द टाकला की त्या सापडाव्यात, एवढं माझं काम. फार खूश आहे मी.

३ डिसेंबर, बुधवार
शोध लागायचा, पण रखडत. आधी जुळणाऱ्या नोंदी गोळा करायच्या आणि मग तारखेने लावत बसायचं, तर वेळ जाणारच. मी तारखेचा इंडेक्स बनवला. म्हणजे क्रम आधीच लावून ठेवलेला, सगळ्यात नवी तारीख सगळ्यात वर. आता ‘गोरेगाव’ टाकलं की यादी लगेच हजर. नोंदवह्या आणून देणारे संतरामकाका दोनदा येऊन बघून गेले. खोट एकच. पाच नोंदींत मृत्यूची तारीखच नाही, आणि रिकामी तारीख यंत्र सगळ्यांच्या वर बसवतं.

४ डिसेंबर, गुरुवार
कंत्राटदार गोपीचंद साहेब खवळले. मंगळवारी उद्घाटन आहे. “वर रिकामं काहून दिसून राहिलं? टाका की कोणतीबी तारीख!” मरणाची तारीख मनाने कशी टाकायची, असं मी विचारलं. मेलेलं माणूस तकरार करायला येतं का, म्हणाले. डोकं असं तापलं! तरी मुकाट्याने पाचही ठिकाणी आजची तारीख टाकली. त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतोय.

६ डिसेंबर, शनिवार
संतरामकाका गोरेगावहून आले ते बाकावर बसूनच राहिले. पाचांतलं पहिलं नाव खाजा मियांचं. परवा दुपारपर्यंत ते आपल्या दुकानात बसलेले होते, काका म्हणाले. परवा संध्याकाळी गेले. यादीतला दुसरा, साखरा गावचा लखमाही परवाच. उरलेल्या तिघांच्या गावी मी फोन लावले. सगळे परवाच. चार तारखेला.
जिवंत माणसांची नावं यादीत आलीच कशी? काकांनी वह्या चाळल्या. ही पाच नावं कुठल्याच पानावर नाहीत.
साहेबांना सांगितलं. हसले. पाच माणसं गेली आणि हा माणूस हसला!

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी यादी उघडली. वर नवी नोंद. तारीख रिकामी. नाव मलिका, पत्ता या घराचा. कुणीही टाकलेली नाही. पुसली. परत आली. परत पुसली —

दुपार. साहेबांपुढे हात जोडले. पाच वाजायच्या आत ती जागा भरली नाही तर मीच आजची तारीख टाकतो, म्हणाले. मी ओरडले. सगळ्या ऑफिससमोर. बाईमाणसाने डोकं थंड ठेवावं म्हणे. थंड!

४.४०. सुचलं! रिकामी ठेवायचीच कशाला? मीच भरली. ८ डिसेंबर २०७५. खाला आत्ता साठीच्या. जगू देत की आणखी पन्नास वर्षं. नोंद तशीच राहिली. बदलली नाही.

५.१५. घरी. खाला खाली अंगणात मेथी निवडताहेत. एकटीच काय हसतेस, विचारलं त्यांनी. रडूच आलं मला.

५.३०. साहेबांचा फोन. शाबासकी देताहेत. वर रिकामं काही उरलं न्हाई म्हणे. फक्त एक साल चुकलंय, पन्नास वर्षं पुढचं, यादी उघडली की तेच पहिलं —
नवी तारीख वर. सगळ्यात वर. मीच लावलेला क्रम —
हात लावू नका, ओरडले मी. हलकट माणसा, हात लावू नकोस —
एवढी तकलीफ कशाला, म्हणतो. आजची टाकली पण, म्हणतो —

खाली ताट पडलं.
हाक मारली. दोनदा. खाला, ओ द्या ना, खा —