भुऱ्या सरळ करण्याचा कार्यक्रम

५ जानेवारी, रविवार

भुऱ्या आज माझ्यावर गुरगुरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. घरचं कुत्रं, घरच्या मालकावर.

कारण लगेच सापडलं. लाड. बायको ज्योत्स्ना त्याच्या पोळीले तूप लावते आणि माझीले विसरते. मग कुत्र्याले वाटणारच की या घरात आपण कोणीतरी आहोत.

प्रसंग साधा होता. त्याच्या कानात तेल टाकून राहिलो होतो. महिनाभरापासून कान खाजवते म्हणून दर रविवारी जवसाच्या तेलात लसूण तडतडवून, कोमट करून, चार थेंब. आमच्या आजोबांपासूनचा इलाज. घरात कोणीच बहिरं झालं नाही. आजोबा झाले, पण त्यांचं वय होतं.

निश्चय: आठ दिवसांत भुऱ्या सरळ. बत्तीस वर्षं पीटी शिकवली, हजारो पोट्टे लाइनीत उभे केले. एक कुत्रं काय चीज आहे.

६ जानेवारी, सकाळी ६

शाळेतली शिट्टी काढली. अजून टकाटक वाजते. एक शिट्टी म्हणजे बस, दोन म्हणजे उभा राह्य.

पहिली शिट्टी दिली. भुऱ्यानं मान हलवली. स्पष्ट नाही म्हणाला. दुसरी दिली, पुन्हा नाही. इतका उद्धटपणा नववीच्या पोट्ट्यांनीही केला नव्हता. सलग दहा शिट्ट्या दिल्या. तो दिवाणाखाली घुसला, बाहेर येईना. ज्योत्स्ना म्हणे, मलेही दिवाणाखाली जावंसं वाटून राहिलं.

७ जानेवारी

यूट्यूबवर एका माणसाचा व्हिडिओ पाह्यला. म्हणे लीडर बना. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, कुत्रा मागे येईल.

मी ऐटीत बाहेर पडलो. समोरच्या नबीभाई टेलरनं दुकानातून विचारलं, सर, पट्टा घेऊन कुठं निघाले, भुऱ्या कुठं आहे? म्हटलं, मागे आहे. मागे कोणी नव्हतं.

८ जानेवारी

डाव्या हाताने लिहून राहिलो, म्हणून थोडक्यात.

पट्टा घालाले गेलो. मानेपाशी हात नेला आणि त्यानं मनगट धरलं. धरलं म्हणजे चावला. दवाखान्यात सिस्टरले सांगितलं, रस्त्यावरचं कुत्रं होतं. मागून ज्योत्स्ना म्हणे, घरचंच आहे, यांनी शिकवलेलं. पहिलं इंजेक्शन झालं, चार बाकी.

घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं. २५ तारखेले आमची लेक आकांक्षा अमरावतीहून दहा महिन्यांचं लेकरू घेऊन येते. लेकराच्या घरात चावरं कुत्रं नाही पाहिजे. ज्योत्स्नाचा भाऊ किशोर तेरा तारखेले गाडी घेऊन अकोल्याले येणार आहे, तो भुऱ्याले चांदूर रेल्वेले शेतावर नेईन. तिथं त्याची तीन दांडगी कुत्री आहेत. माझ्या भुऱ्याची ते चटणी करतीन.

मी म्हटलं, भुऱ्या कुठंच जाणार नाही. मूर्तिजापूरच्या स्टेशनवरून मी त्याले शर्टात घालून आणलाय. त्यानं त्या शर्टात जे केलं तेही मीच धुतलं. भुऱ्या माझा आहे. ज्योत्स्ना म्हणे, मग तुमच्याच हाताले कावून चावते?

हात ठणकते.

१० जानेवारी

नबीभाई येऊन बसले. म्हणे, सर, जनावर बिनाकारण नाही चावत. तो मान नाही हलवत, कान झटकून राहिला. माझी भाची अलीझा जनावरांची डॉक्टर आहे, तिले दाखवा.

मी म्हटलं, नबीभाई, तुमी शर्टाचं माप घ्या.

पण माणूस गेल्यावर विचार केला. मुद्दा बरोबर आहे. कान झटकते म्हणजे कानाचा त्रास आहे. म्हणजेच तेल कमी पडून राहिलं. रविवारची वाट कावून पाहाची? आजपासून रोज, दोन वेळा. लसूणही वाढवला.

११ जानेवारी

दुसरं इंजेक्शन झालं.

तेल टाकताना धरायसाठी ज्योत्स्नाले बोलावलं. भुऱ्या तिच्यावर गेला. दात पदरात अडकले, पदर फाटला. हातापासून बोटभरच अंतर राह्यलं. ती ओरडली पण नाही, नुसती भिंतीले टेकून बसली आणि रडली. मग किशोरले फोन केला की उद्याच ये.

मी सांगितलं, मले फक्त एक आठवडा दे. ती म्हणे, तुमी आठवडा घेतला आहे.

१२ जानेवारी, रविवार, दुपार

सकाळपासून भुऱ्या दिवाणाखाली. खाल्लं नाही. मधूनमधून कुंई करते, आणि लेकरासारखं रडते. फरशीवर पालथा पडून मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, बाबा, एकदा नीट वाग, मामा गाडी घेऊन येऊन राहिला. त्यानं दात दाखवले. मले रडू आलं. इथं लिहितो, कारण इथं कोणी वाचत नाही.

पुढचं रात्री लिहून राहिलो. शेवटी मीच नबीभाईच्या दारी गेलो. त्यांनी कापडाची जाड खोळ आणली, आमी दोघांनी भुऱ्याले गुंडाळलं आणि ऑटोत टाकलं. ज्योत्स्नाही बसली.

डॉक्टर अलीझा आमच्या आकांक्षापेक्षा लहान. तिनं त्याचं तोंड बांधलं, कानात बॅटरी मारली. मग म्हणे, कानात पू झालाय, पडद्याले छिद्र आहे, आणि वरून आतलं सगळं भाजलंय. काय टाकत होते?

मी म्हटलं, घरचं तेल. तिनं विचारलं, कोण टाकत होतं? ज्योत्स्नानं माझ्याकडे पाह्यलं. नबीभाईनं छताकडे पाह्यलं.

मग डॉक्टरनं विचारलं, मोठ्या आवाजाचा त्रास होत होता का याले? ज्योत्स्नानं माझ्या खिशातून शिट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. शिट्टी तिथंच राह्यली.

किशोर संध्याकाळी आला. चहा पिऊन रिकामा परत गेला.

१५ जानेवारी

तिसरं इंजेक्शन. भुऱ्याची पण चालू आहेत. औषध ज्योत्स्ना टाकते, तो डोकं तिच्या मांडीवर देते.

मी हॉलमधून पाहून राहिलो. डॉक्टरनं म्हटलं, काही दिवस सरांनी समोर नका जाऊ. काही दिवस म्हणजे चार-पाच. माझं आणि त्याचं नातं वेगळं आहे, मले तिसऱ्या दिवशीच ओळखीन.

२० जानेवारी

ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण दाराआड गेला. औषधाचा परिणाम असेन.

२५ जानेवारी, शनिवार

आकांक्षा आली. तिचं लेकरू रांगत गेलं ते थेट भुऱ्यावर. शेपूट ओढलं, मिशा ओढल्या, ज्या कानाले इतकं झालं त्या कानाले लोंबकळलं. आमचा सगळ्यांचा जीव वरखाली. भुऱ्यानं त्याचं तोंड चाटलं आणि पोट वर करून लोळला. नबीभाईनं डोक्यावरून हात फिरवला, तरी काही नाही. दूधवाला त्याच्याशी गप्पा मारून गेला. ज्योत्स्ना हसली, वीस दिवसांनी.

म्हटलं आता आपला नंबर. तूप लावलेली पोळी घेतली. खाली बसलो, तोंड हसरं केलं, एकदम हळू म्हटलं, भुऱ्या.

तो उठला. गुरगुरला नाही. भिंतीले चिपकला, दोन्ही कान मागे पाडले, थरथर कापला आणि उभ्या उभ्या तिथंच मुतला.

आकांक्षानं भुऱ्याले उचलून आतल्या खोलीत नेलं, दार लावलं.

फरशी मी पुसली.