माझी मालमत्ता आणि महाडचे गुरुवार

मी, मुरारी पांडुरंग उतेकर, वय ५८, धंदा गवंडीकाम, राहणार उमरठ, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे तर शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत हा शब्द वकिलांनी घालायला सांगितला. ९ डिसेंबर २०२१ पासून मी रोज शुद्धीत आहे. त्याआधीच्या वीस वर्षांची खात्री देत नाही. येत्या सोमवारी मुंबईला पोटाचे मोठे ऑपरेशन आहे. एवढे लिहीपर्यंत तीनदा उठून अंगणात जाऊन आलो. बसवत नाही.

१. राहते घर, परसातल्या दोन फणसांसह, पत्नी आवडी हिला. मागची भिंत कललेली आहे. ती मी पिऊन बांधली होती. अनिलने ती उतरवून घ्यावी, पण पोलादपूरच्या गवंड्यांना दाखवू नये, हसतील.

२. भाताची दोन्ही खाचरे आणि बँकेतली ठेव मुलगा अनिल याला. त्याच्या लग्नात मी मांडवातच आडवा झालो, त्यानंतर तो तीन वर्षे माझ्याशी बोलला नाही. त्याचे काही चुकले नाही. सून दर्शना मात्र लपून फोन करायची, "बाबा, जेवलात काय?" माझे मनगटी घड्याळ तिला.

३. थापी, ओळंबा आणि गुण्या ही माझी गवंडीकामाची हत्यारे महाडच्या त्या खोलीतल्या कपाटात ठेवावेत, जिथे दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. बैठकीचा फोन नंबर मला एका भिंतीवर रंगवलेला सापडला होता. पहिल्या गुरुवारी मी दारावरून चार फेऱ्या मारल्या आणि परत आलो. दुसऱ्या गुरुवारी आत गेलो आणि तोंडातून निघाले, "ओल कुठल्या भिंतीला आलीय? मी गवंडी." टेम्पोवाले मुरादभाई उठले आणि म्हणाले, "भिंत कुठं पळत नाय. तुम्ही आधी चहा घ्या." पुराच्या पाण्याने भिंत खरेच फुगली होती. खोटे निभावायला पुढच्या गुरुवारी मी तिला गिलावा केला. माझी पाळी आल्यावर बोललो तो महिन्याने, आणि बोलता बोलता रडलो.

४. शेजारीण राहीबाई हिला मी काही देत नाही. तिने मला महाडात इस्त्रीच्या शर्टात त्या खोलीच्या गल्लीतून बाहेर पडताना पाहिले आणि घरी येऊन आवडीला सांगितले, "तुझ्या माणसानं बाई ठेवलीय गो." या मृत्युपत्राला मी तिलाच साक्षीदार करत आहे. सहीआधी सगळे मोठ्याने वाचले जाईल, ते तिने ऐकावे.

५. आता खरे कलम. आवडीने त्या संध्याकाळी मला विचारले होते. मी गप्प राहिलो. बाई ठेवली म्हटले तर गावात चार लोक डोळे मिचकावतात. दारुड्यांच्यात बसून रडतो म्हटले तर तोंड दाखवता येत नाही, असा माझा हिशेब. बैठकीतले बाहेर बोलायचे नाही, या नियमाचा मी आडोसा केला. तो नियम इतरांची नावे राखण्यासाठी आहे. स्वतःचे सांगायला मला कोणी अडवले नव्हते.

चार वर्षे दर गुरुवारी तिने माझा शर्ट धुतला, वाळत घातला आणि तोंड फिरवले. एकदाच बोलली, "मी वीस वर्सं पाया पडले तवा नाय सोडलीत. तिनं सांगितलं आणि सोडलीत." तेव्हाही मी बोललो नाही. दारू सोडली त्याहून हे सांगणे कठीण निघाले. आवडे, महाडला कोणी बाई नाही, नव्हती.

वकील म्हणाले, पाकीट बंद करा, मागाहून उघडतील. मेल्यावर कबूल करण्यात काय पुरुषार्थ? म्हणून मी आज हे ओटीवर सर्वांसमोर वाचणार आहे.

६. हे कलम वरचे सगळे वाचून झाल्यावर लिहीत आहे. राहीबाई पदर तोंडाला लावून बसली. आवडी म्हणाली, "घर लिवलंत माझ्या नावावर. बरं. ती चार वर्सं कुणाच्या नावावर लिवलीत?" मी वकिलांकडे पाहिले. या कलमाला माझ्याकडे मजकूर नाही.

आवडी आत गेली. आता लुगडे बदलून, चपला घालून दारात उभी आहे. आज गुरुवार. "चला, दाखवा ती खोली," म्हणते. राग गेला की खात्री करायला येते आहे, मला कळत नाही. महाडची जीप गाठायची आहे. सही करतो आणि तिच्यामागून निघतो.

ठिकाण: उमरठ
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६
मुरारी पांडुरंग उतेकर (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, मग आम्ही केली:

१. राहीबाई, शेजारीण, उमरठ. (डाव्या हाताचा अंगठा)

२. मुराद इब्राहिम कापडी, महाड. माझ्या घरी अजून ठाऊक नाही. तरी पूर्ण नाव मीच लिहायला सांगितले. ओळख कशी: गुरुवारी शेजारी बसतो. (सही)