आईंच्या वाट्याचं तेल

अर्सलानबोब
१९ ऑक्टोबर

एर्गाश अका यांस,

अस्सलामु अलैकुम. तुमची तब्येत बरी असेल, कामही नीट चाललं असेल. शेजारचा मामासादिक पुन्हा तुमच्याकडे रशियात, येकातेरिनबुर्गला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे.

इकडे अक्रोड उतरवून झाले. यंदा वसंतात हिमाचा तडाखा बसला, त्यामुळे वरच्या रानात फळ कमीच. सगळं गाव तंबू आवरून खाली आलं. माझे हात अजून सालींनी काळे आहेत. गाय गाभण आहे. पत्र्याचं छप्पर वाऱ्याने उचकटलं होतं, ते बसवून घेतलं.

एक बातमी सांगायची राहिली. उन्हाळ्याच्या आधी जलालाबादहून गुलबार्चिन नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. जाड माणसांच्या रक्तात आतल्या आत सूज असते म्हणे. दिसत नाही, दुखत नाही, पण हृदय पोखरते. अक्रोडाच्या तेलाने ती उतरते का, हे त्यांना पाहायचं होतं. आपल्या घरात जाड माणसं शोधावी लागत नाहीत. आई वजनकाट्यापाशी जाऊन म्हणाल्या, "बाई, हा काटा बटाट्यांचा वाटतो. आम्हा दोघींसाठी ट्रकचा आणा." डॉक्टरीणबाई हसून हसून खाली बसल्या.

दोघींना वेगवेगळ्या बाटल्या मिळाल्या. एकीत अक्रोडाचं तेल, दुसरीत सरकीचं, पण कुणाच्या बाटलीत काय ते सांगायचं नाही. ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत जिरं घातलेलं. बाटलीवर फक्त आकडा. रोज सकाळी आई दोन वाट्यांत तेल ओतायच्या आणि आम्ही त्यात नान बुडवून खायचो. माझ्या वाटीतलं चवीला छान होतं. "आई, तुमचं कसंय?" मी एकदा विचारलं. "तेलासारखं," त्या म्हणाल्या. "गुपचूप खा."

मला काही कळलं नाही. ज्या बाईच्या नवऱ्याने जन्मभर तेलाचा घाणा चालवला, तिला जिऱ्याखालचा वास लागणार नाही, असं मला वाटलं तरी कसं, कोण जाणे.

अक्रोडांच्या हंगामाआधीच आई गेल्या.

हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. चार वेळा कागद बदलला, दर वेळी गायीपासूनच सुरुवात झाली. सकाळी अंगणात चहाचा समोवार पेटवायला गेल्या आणि पायरीवरच बसल्या. मी पोचले तेव्हा हात गरम होता. मौलवी म्हणाले, ऊन फार आहे, दुपारच्या नमाजानंतर लगेच उरकू. तुमच्या जागी मामासादिकने खांदा दिला. बायका रडत होत्या. मी पुलावाला तांदूळ पुरतील का ते बघत होते. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

चाळिसाव्याच्या आधी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना अक्रोडाचं तेल होतं. तरी रक्तातली सूज वाढतच गेली. आणि तुम्हाला सरकीचं, तर तुमची उतरली."

मी म्हटलं, "नाही हो. मी तर सगळा उन्हाळा अक्रोडाचंच खाल्लं. चव ओळखते की मी."

मग दोघींनाही कळलं, आई रोज आपल्या बाटलीतलं तेल माझ्या वाटीत ओतत होत्या.

"म्हणजे माझ्यामुळे गेल्या का त्या?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं. चमचाभर तेलाने ते वाचलं असतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची सूजही रानात चढउतार करून उतरली असेल. दोन माणसांवरून काही ठरत नाही." आमची दोघींची नावं त्यांच्या अभ्यासातून काढून टाकावी लागली. त्याबद्दल रागावल्या नाहीत. निघताना मला जवळ घेतलं. मी तशीच उभी होते.

तेल ओतताना आई एकदा म्हणाल्या होत्या, "माझ्यामागे तुला बघणारं कुणी नाही. तुझं तुलाच बघायचंय, सनोबर." मी म्हटलं, "असं काय बोलता? हे येतील ना." त्यावर त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली, एवढंच. तुम्ही येणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

आई गेल्या त्या दिवशी मी फोन केला होता. तुम्हाला कळवलं नाही असं म्हणू नका. एका लहान मुलीने उचलला. रशियनमध्ये म्हणाली, "बाबा आंघोळ करताहेत. तुम्ही कोण?" गोड आवाज आहे. मी फोन ठेवून दिला. अंगणात आईंना न्हाऊ घालायला पाणी तापलं होतं, तिकडे गेले.

मला भांडायचं नाही. तलाक हवा असेल तर मामासादिकजवळ निरोप द्या, मी अडवणार नाही. घर मात्र मी सोडणार नाही, आणि रानातला आपला वाटाही नाही. आईंना रानाच्या कडेला, तुमच्या वडिलांशेजारी ठेवलंय. कधी आलात तर कबरीवर जा. माझ्याकडे चहा घेतला नाहीत तरी चालेल.

मुलीला माझे आशीर्वाद सांगा. नाव विचारायचं राहून गेलं.

तुमच्या आईची लेक,
सनोबर